सहावी रिंग

विमानाचं काम मी आयुष्यात एकदाच केलं, आणि त्या एका कामानं नव्या जालन्यात माझं नाव झालं. अजूनही स्टेशनच्या रस्त्यावर कुणी पत्ता विचारला तर लोक सांगतात, "ते विमानवाले मिस्त्री ना? सरळ जा, बँकेच्या बाजूला." पहिल्यांदा मला ते लई गोड लागायचं. आता कुणी तसं बोललं की मी खाली वाकून पाना शोधायचं नाटक करतो. काऊन, ते आजपर्यंत मी एक माणूस सोडून कुणाला सांगितलं न्हाई. आता सांगून राह्यलो.

माझं दुकान हायड्रॉलिकचं. म्हणजे तेलाच्या दाबावर जे जे उचलतं, ढकलतं, दाबतं, ते सगळं माझ्याकडं येतं. ट्रॅक्टरची लिफ्ट, जेसीबीचे सिलिंडर, लोखंडाच्या कारखान्यातले प्रेस. तीस वर्षं हेच केलं. हात चांगला आहे माझा, हे मी स्वतःच सांगतो, कारण मला ते सांगायची खोड आहे. दुसरी खोड म्हणजे राग. गिऱ्हाईक नुसतं "जरा नीट बघा" म्हणलं तरी माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, मशिनीचं तेल गरम व्हायला वेळ लागतो, तुमचं घरूनच गरम होऊन निघतं.

गावाबाहेर विमानपट्टी आहे. तिथं एका शेडमधी एक जुनं चार माणसांचं विमान उभं असायचं. मालक मूळचे हसनाबादचे, शेतकऱ्याच्या घरातले. आयुष्यभर दुसऱ्यांची विमानं उडवली, रिटायर झाल्यावर हे जुनं घेतलं. आम्ही त्यांना कॅप्टनसाहेब म्हणायचो. त्या विमानाची चाकं वर गेल्यावर पोटात जायची आणि उतरायच्या आधी बाहेर यायची, तीही तेलाच्या दाबावर. डाव्या पायाच्या सिलिंडरातून तेल गळायला लागलं होतं, पाय हळू हळू खाली यायचा. विमान इतकं जुनं की ते काम करणारा माणूस जवळपास मिळंना. कुणीतरी माझं नाव सांगितलं.

मी गेलो तर तिथं एक मॅडम खुर्चीवर बसलेल्या. साठी उलटलेली, पांढरे केस मागं बांधलेले, एका गुडघ्याला पट्टा. त्या विमानाच्या इंजिनीअर. संभाजीनगरवरून यायच्या. कॅप्टनसाहेबांनी मला समजावून सांगितलं, की मॅडमच्या देखरेखीखाली काम कुणीही करू शकतं, पण हे विमान उडवायच्या लायकीचं आहे असं लिहून खाली सही करायची ती फक्त मॅडमनं. तशी सही करायचं लायसन्स लागतं आणि ते त्यांच्याकडं होतं. गुडघ्यामुळं त्यांना पंखाखाली आडवं होता येत नव्हतं. त्यांना हात पाहिजे होते, म्हणून मी.

मी खाली घुसून एक नजर टाकली आणि बाहेर येऊन म्हणलं, "ह्याच्यात काय आहे मॅडम? ही तर ट्रॅक्टरची लिफ्टच झाली."

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "फरक इतकाच, ट्रॅक्टर अडला तर माणूस खाली उतरून शिव्या देऊ शकतो."

कॅप्टनसाहेब हसले. मीबी हसलो, पण मला ते लागलं.

काम आठ-दहा दिवस चाललं. मॅडम खुर्चीवरून सगळं बघायच्या. प्रत्येक गोष्ट मला हातात आणून दाखवायला लावायच्या, भिंगातून बघायच्या, वहीत लिहायच्या. एकदा मी विचारलं, मॅडम, इतकं कशाला लिहिता? त्या म्हणाल्या, "माझ्या सहीवर माणूस वर जातो. छत्तीस वर्षं सही करतेय, अजून एकही खोटी नाही." असं साधं, भाजी निवडताना बोलावं तसं बोलल्या.

आमच्या लाइनीत एक रीत आहे. जुना माल काढला की तो गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा. न्हाईतर गिऱ्हाईकाला वाटतं, ह्यानं बदललं काहीच न्हाई, नुसतं पुसून परत बसवलं. म्हणून मी काढलेली प्रत्येक जुनी रिंग पेपरवर ओळीनं मांडून ठेवायचो. रिंग म्हणजे रबराची काळी गोल कडी, सिलिंडरात पिस्टनभोवती बसते आणि तेल अडवते. मॅडमला माझी ही रीत लई आवडली. "छान आहे ही पद्धत," त्या म्हणाल्या, आणि एक एक जुनी रिंग छोट्या पिशवीत घालून वर चिठ्ठी लावायला लागल्या. मला तर मूठभर मांस चढलं.

एकाच गोष्टीवरून आमचं वाजायचं. पिस्टनच्या दांडीला टोकाला आटे असतात, धारदार. मॅडम म्हणायच्या, आट्यांवर कागद गुंडाळा आणि त्याच्यावरून रिंग सरकवा, म्हणजे कापली जाणार न्हाई. मी म्हणायचो, "अहो मॅडम, तीस वर्षं झाली. माझ्या हातून एक रिंग कटली न्हाई. अंगठ्याला कळतं माझ्या." त्या म्हणायच्या, "कळत असेल. तरी गुंडाळा." मी तोंड वाकडं करून गुंडाळायचो.

रिंगांचं किट बाहेरदेशातून आलं होतं. सहा रिंगा, एक जास्तीची न्हाई. यायला तीन आठवडे लागले होते. पाच बसल्या. सहावीच्या दिवशी दुपारी कॅप्टनसाहेबांनी डबा आणला, भाकरी, ठेचा, पिठलं. मॅडम उठल्या, म्हणाल्या, "मिस्त्री, शेवटची मी आल्यावर बसवा. मला बघायचीय." आणि शेडच्या पलीकडं हात धुवायला गेल्या.

मला वाटलं, येईपर्यंत बसवून टाकू. येतील तर काम तयार. कागद बाजूलाच पडला होता. तो उचलायला दोन सेकंद लागले असते. न्हाई उचलला. रिंग हातात घेतली, तेल लावलं, सरकवली, आणि अंगठ्याखाली टिक् झालं.

माझ्या अंगठ्याला खरंच कळतं. काढून उजेडात धरली. नखाएवढा काप गेलेला.

आता खरं सांगतो, त्या वेळी मी उठून मॅडमकडं जाऊन "कटली" म्हणलो असतो तर काय झालं असतं? काहीच न्हाई. त्यांनी एक उसासा टाकला असता, दुसरी मागवली असती. तीन आठवडे गेले असते. कुणी मला ओरडलं नसतं. पण तीस वर्षांत एक कटली न्हाई असं रोज छाती ठोकून सांगितलेला मी, त्यांच्यासमोर ती कापलेली रिंग घेऊन जाऊ? मला ते मरण वाटलं.

मोटरसायकलच्या डिक्कीत माझा रिंगांचा डबा असतो. दुकानातलं उरलंसुरलं सगळं त्यात. व्हर्निअर, म्हणजे मापायची पट्टी, लावून कापलेलीच्या मापाची एक काढली. आतून, बाहेरून, जाडीला, केसाचाबी फरक न्हाई. आमच्या लाइनीत साइज जुळली की माल जुळला. ट्रॅक्टरला ते चालून जातं. रबरात जाती असतात, ब्रेकच्या तेलाची रिंग वेगळी आणि ह्या विमानातल्या लाल तेलाची वेगळी, हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय न्हाई. माहीत होतं. पण दोन्ही काळ्याच, आणि त्या डब्यात सगळ्या एकत्र पडलेल्या. मी बघितलं न्हाई, कारण मला बघायचंच नव्हतं. ह्या वेळी कागद गुंडाळून बसवली, सिलिंडर बंद केला, कापलेली खिशात घातली.

मॅडम आल्या. "बंद केलंत?"

"केलं. उघडं ठेवून धूळ जाऊ द्यायची का?"

"सगळ्या किटमधल्याच ना?"

"किटमधल्याच."

मी पेपर पुढं केला. सहावी जुनी रिंग ओळीत मांडलेली. किटच्या सहा पुड्या रिकाम्या. हिशोब बराबर. त्यांना आवडलेल्या त्या रीतीनं मी माझं खोटं झाकलं, आणि ते चांगलं झाकलं गेलं.

त्यांनी पुड्या मोजल्या, जुन्या रिंगा मोजल्या. मंग हळूच म्हणाल्या, "मिस्त्री, एकदा उघडून दाखवता का? माझं समाधान होईल."

आणि मी भडकलो. असा भडकलो की शेडमधी आवाज घुमला. "मॅडम, विश्वास नसंल तर दुसरा मिस्त्री बघा! दहा दिवस पाठीवर आडवा पडून काम केलं. चोर हाय का मी? उघडायचं असंल तर उघडा तुमचं तुम्ही, माझा हात लागणार न्हाई परत!" पाना पेटीत आपटला. कॅप्टनसाहेब मधे पडले, "जाऊ द्या मॅडम, माणूस चांगला आहे, हाताला गुण आहे त्याच्या."

मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ओशाळल्या होत्या. मला दुखवलं असं वाटलं त्यांना. "माफ करा," त्या म्हणाल्या. मला! त्या मला माफ करा म्हणाल्या, आणि मी मान हलवली, केलं माफ म्हणून.

विमान जॅकवर उचललं. पाय दहा वेळा वर, दहा वेळा खाली. मस्त चाललं. आत तीन हिरवे दिवे लागायचे, तीन चाकं पक्की बसली म्हणून. दहाच्या दहा वेळा लागले. मॅडमनं वही उघडली आणि सही केली. मी शिट्टी वाजवत घरी गेलो.

चार-पाच दिवस वारा जास्त होता म्हणून उड्डाण थांबलं. त्या दिवसांत ती रिंग आत तेल पीत बसली होती. ब्रेकची रिंग लाल तेलात फुगते, ते लगेच कळत न्हाई. ट्रॅक्टरवर असती तर आठवड्यानं लिफ्ट अडली असती आणि मी जाऊन बदलून आलो असतो.

उड्डाणाच्या दिवशी मी बायकोला घेऊन गेलो. पांढरा शर्ट घातला. दुकानाच्या शेजारचे पाच-सहा जण आले, येताना माझ्यासाठी हार घेऊन आले. कॅप्टनसाहेबांची म्हातारी आईबी आल्ती हसनाबादवरून, पंचाऐंशी वर्षांची, खुर्चीवर बसलेली. तिला वरून शेत दाखवायचं कबूल केलं होतं लेकानं. पहिल्याच फेरीला बसते म्हणून हटून बसली होती. मॅडमनं बिलकुल ऐकलं न्हाई. पहिली फेरी कॅप्टनसाहेब एकटे, दुसरीत आई.

विमान उडलं, चाकं पोटात गेली, लोकांनी टाळ्या पिटल्या, माझ्या गळ्यात हार पडला. मी हात जोडून सगळ्यांकडं बघून राह्यलो होतो.

परत आलं तेव्हा दोन पाय बाहेर होते, डावा अर्धाच. मॅडमच्या हातात बोलायचं यंत्र होतं. त्यांचा आवाज जराही हलला न्हाई. "डावा अर्ध्यावर आहे. वर घ्या, परत सोडा." परत तसंच. "हातपंप मारा." आत हातानं दाब द्यायचा पंप असतो, तो मारला तरी पाय तसाच. विमान डोक्यावरून घिरट्या घालत होतं आणि म्हातारी विचारत होती, "काऊन उतरंना गं तो?" तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांत ते का अडलं हे एकट्या मला माहीत होतं.

शेवटी उतरलं तसंच. उजव्या चाकावर टेकलं, वेग कमी झाला आणि डावा पाय घडी पडल्यागत आत गेला. पंख जमिनीला घासला, विमान गरकन फिरलं, धूळच धूळ. आम्ही पळालो. कॅप्टनसाहेब आपल्या पायांनी बाहेर आले, हात छातीशी धरून. खांद्याचं हाड मोडलं होतं. एवढ्यावर भागलं. मी त्यांना धरायला गेलो तेव्हा बायकोनं माझ्या गळ्यातला हार ओढून काढला. माझ्या लक्षातच नव्हतं.

सरकारकडून चौकशीचे लोक आले. त्यांच्यासमोर मॅडमनं तो सिलिंडर स्वतः उघडला, जमिनीवर बसून, त्या गुडघ्यानं. मी बाजूला उभा. पिस्टन निघंना. ओढून काढला तर सहावी रिंग भिजवलेल्या हरभऱ्यागत फुगलेली. मॅडमनं ती तळहातावर घेतली. बाकीच्या पाचांशेजारी ठेवली. मंग मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. फार वेळ न्हाई, एवढंच, पापणी लवेपर्यंत.

चौकशीच्या साहेबानं विचारलं, "ही कशी गेली?"

"चुकीच्या रबराची आहे," त्या म्हणाल्या. "शेवटची जोडणी मी उघडून बघितली नाही. न बघता सही केली."

मी तोंड उघडायला पाहिजे होतं. उघडलं न्हाई. मला कुणी काही विचारलंच न्हाई, कागदावर माझं नाव कुठंच नव्हतं.

गावात बोललं जायला लागलं, मिस्त्रीनं विमान उडवून दाखवलं पण त्या बाईनं घोळ घातला. चहाच्या टपरीवर माझ्यासमोर एकजण म्हणला, "बाईमाणसाला काय कळतंय त्यातलं." मी ते ऐकलं आणि चहा पिला. सगळा कप संपवला. ह्या सगळ्यात मला कशाची जास्त लाज वाटत असंल तर त्या चहाची.

दोन महिने झोप न्हाई की जेवण न्हाई. एक दिवस सकाळची गाडी धरली आणि मॅडमच्या घरी गेलो. त्यांनी पाणी दिलं. मी उभ्यानंच सांगितलं, कटली होती, माझ्या डब्यातली घातली, खोटं बोललो.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "बसा."

"मंग माझं नाव का न्हाई घेतलं?"

"सही माझी होती, मिस्त्री. तुम्ही चिडलात आणि मी संकोचले. छत्तीस वर्षांत कुणाच्या चिडण्याला घाबरून मी काम सोडलं नव्हतं. ते तुमच्या वेळी केलं. ती चूक माझीच."

मंग म्हणाल्या, "पण पुढच्या महिन्यात माझं म्हणणं ऐकून घेणार आहेत. विचारूनही तुम्ही खोटं सांगितलंत, एवढं तुम्ही लिहून सही करून दिलंत तर कदाचित लायसन्स काही महिने थांबवतील. रद्द करणार नाहीत."

"देतो," मी म्हणलं. "आईशप्पथ देतो." पाया पडायला वाकलो तर त्यांनी वाकू दिलं न्हाई. येताना गाडीत मला इतकं हलकं वाटलं की मी समोरच्याला माझे शेंगदाणे दिले.

घरी आलो, वही घेऊन बसलो. पहिल्या दिवशी वाटलं, नीट शब्द सापडू दे. दुसऱ्या दिवशी कारखान्याचा प्रेस आला. तिसऱ्या दिवशी विचार आला, हे कागद कुठं कुठं फिरतील? कारखान्यावाल्यांना कळलं तर माझ्या हातात प्रेस कोण देईल? त्याच्याखाली माणसं हात घालतात. विमानवाला मिस्त्री खोटारडा निघाला असं अख्खं स्टेशन बोलंल. रोज सकाळी वही उघडायचो, रोज दुकानाला उशीर होतो म्हणून मिटायचो. महिना असाच काढला मी, काही न करता.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी मोबाइल वाजला. मॅडमचं नाव. मी दुकानातच होतो, हात मोकळे होते. वाजू दिला. परत वाजला न्हाई.

पुढं कॅप्टनसाहेबांनी सांगितलं, मॅडमचं लायसन्स गेलं. "त्या म्हणत होत्या, तशीही गुडघ्यामुळं बंदच करणार होते," ते म्हणाले. त्यांना अजून माहीत न्हाई काही. तो मोडलेला खांदा घेऊन दिवाळीला माझ्याकडं फराळाला आल्ते.

हे सगळं लिहायला मला पंधरा दिवस लागले. काल बायको पाठीमागून आली, हातातून कागद घेतले, खाटेवर बसून शेवटपर्यंत वाचले. तिलाबी हे पहिल्यांदाच कळत होतं. वाचून झाल्यावर तिनं कागद सारखे केले. मंग शेवटचं पान उलटून मागं बघितलं.

"खाली तुमचं नाव न्हाई टाकलं."

"आता टाकून काय उपयोग?" मी म्हणलं. "लायसन्स तर गेलं."

"उपयोग होता तव्हा तरी टाकलं का?"

तिनं कागद माझ्यासमोर ठेवले, वर पेन ठेवला आणि आत गेली. दुपारभर मी तिथंच बसलो होतो. नाव अजून टाकलेलं न्हाई.